धबधब्याला जाताय? आधी वरच्या डोंगराकडे बघा

आषाढ लागला की वस्तीत बेत ठरू लागतात. कुणीतरी टेम्पो ठरवतो, माणशी दोनशे-तीनशे रुपये जमा होतात, बाया पहाटे उठून चपात्या आणि सुकी भाजी बांधतात. मुंबई-ठाण्याकडची मंडळी भिवपुरीला किंवा बदलापूरच्या कोंडेश्वरला जातात, पुण्याकडची लोणावळा-भाजे गाठतात, नगर-नाशिककडची भंडारदऱ्याला, तर नांदेड-यवतमाळकडची सहस्रकुंडाला. वर्षभर पत्र्याखाली आणि कामाच्या घाईत दिवस काढणाऱ्या माणसांना एक दिवस हिरवा डोंगर आणि पडणारे पाणी मिळाले, तर त्यात वावगे काहीच नाही. पायांना चालणे मिळते, मुलांना मोकळी हवा मिळते, घरातल्या बाईला एक दिवस गॅस-चुलीपासून सुट्टी मिळते. म्हणून 'जाऊ नका' असे सांगण्यासाठी हा लेख नाही. जा, पण जेवढे गेलात तेवढे सगळे परत या, यासाठी तो आहे.

३० जून २०२४, रविवारचा दिवस. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेले एक कुटुंब पाण्याच्या प्रवाहात अडकले. पाणी वाढत गेले. सगळे एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. काठावर माणसे होती, पण त्यांना काही करता आले नाही. त्या दिवशी एक बाई आणि चार मुले गेली. ती चित्रफीत तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिली असेल. ती पाहून "पाण्यात गेलेच कशाला?" असे म्हणणे सोपे आहे. पण कुणीही लोंढ्यात मुद्दाम उतरत नाही. पाणी कमी दिसते म्हणून माणूस आत जातो आणि ते वाढणार आहे हे त्याला ठाऊक नसते. ते कसे वाढते, हेच आज समजून घेऊ.

पाऊस तिकडे, पाणी इकडे

आपल्या घराचे पत्र्याचे छप्पर डोळ्यांसमोर आणा. सगळ्या पत्र्यावर पडलेला पाऊस पन्हळीत गोळा होतो आणि एका कोपऱ्यातून धो धो खाली पडतो. त्या कोपऱ्याखाली बादली धरून उभ्या असलेल्या माणसाला छपरावर काय चालले आहे ते दिसत नाही. त्याला फक्त पडणारी धार दिसते.

धबधबा म्हणजे डोंगराची पन्हळ. वर कित्येक किलोमीटर पसरलेले पठार असते, त्याला उतार असतात, लहान लहान ओहोळ असतात. त्या सगळ्यांचे पाणी एकाच घळीतून खाली येते. आपण खाली डोहाजवळ उभे असतो. तिथे ऊन पडलेले असू शकते. पण वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर ते पाणी थोड्याच वेळात आपल्यापर्यंत पोहोचते. धबधब्याचे पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही. ते वरच्या डोंगरावरच्या पावसाने वाढते. या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे एक वाक्य विसरू नका.

सह्याद्रीत हे विशेष घडते, कारण इथला खडक काळा आणि कठीण आहे, वरचा मातीचा थर पातळ आहे आणि उतार तीव्र आहे. जूनमध्ये कोरडी माती काही पाणी पिते. जुलैत ती तुडुंब भरते. त्यानंतर पडलेला बहुतेक पाऊस सरळ ओढ्यात जातो. शिवाय घाटमाथ्यावर पाऊस आपल्या शहरापेक्षा कितीतरी जास्त असतो. मुंबईत वर्षाला साधारण २,२०० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, लोणावळ्यात ४,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त, तर महाबळेश्वरला ५,००० च्याही वर. "आपल्याकडे तर आज उघडीप आहे" हा म्हणूनच डोंगराचा अंदाज होऊ शकत नाही.

पाण्याच्या जोराविषयीही आपला अंदाज चुकतो. एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढे पाणी म्हणजे एक हजार किलो वजन. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीसुद्धा वेगाने आले, तर धडधाकट माणसाचे पाय उचलले जातात. पायाखाली शेवाळ असेल, तर तेवढेही पाणी लागत नाही.

ओढा आधी काय सांगतो

लोंढा बऱ्याचदा सांगून येतो. त्याची भाषा आपल्याला माहीत नसते. ही पाच लक्षणे घरातल्या मोठ्या मुलांनाही शिकवा:

१. स्वच्छ पाणी गढूळ, तांबूस दिसू लागते.
२. पाण्याबरोबर पाने, काटक्या, फेस वाहून येऊ लागतो.
३. धबधब्याचा आवाज बदलतो, जड होतो. वरून गडगडल्यासारखे ऐकू येते.
४. मघाशी कोरडा असलेला दगड ओला होतो, ओला असलेला दिसेनासा होतो.
५. वरच्या डोंगरमाथ्यावर काळा ढग बसतो किंवा माथा दिसेनासा होतो.

यातले एक जरी दिसले तरी पाण्याबाहेर या. पिशवी, चपला, मोबाइल, डबा काहीही घ्यायला परत जाऊ नका. "पाच मिनिटं थांबू, बघू" असे म्हणू नका. ती पाच मिनिटेच घात करतात.

एक सोपी युक्ती आहे. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. दगडाला पाणी लागले की निघायचे, हे सगळ्यांनी आधीच ठरवा. दुसरे, प्रत्येक गटातला एक माणूस पाण्यात न उतरता काठावर राखण करत बसावा. त्याच्याकडे शिट्टी असावी. आळीपाळीने बसलात की कुणाचीच मजा जात नाही. धबधब्याजवळ हाक ऐकू येत नाही, शिट्टी मात्र येते.

प्रवाहाच्या मधल्या खडकावर जाऊन बसू नका, मुलांना तिथे बसवून फोटो काढू नका. पाणी वाढले की तो खडक बेट होतो. ओढा ओलांडून पलीकडे गेला असाल आणि मध्येच पाणी वाढले, तर तो पुन्हा ओलांडू नका. उंचावर सुरक्षित जागा बघून थांबा. पाऊस थांबला की डोंगरातले लहान ओढे काही तासांत उतरतात. घरी उशिरा पोहोचल्याने कुणाचा जीव जात नाही.

महिन्यागणिक डोंगर बदलतो

मागच्या वर्षी ऑक्टोबरात गेलो होतो, काही झाले नाही, म्हणून जुलैत त्याच ठिकाणी तसेच वागायचे, हे चुकते. जागा तीच असली तरी महिन्याप्रमाणे धोका बदलतो.

जून: पहिल्या पावसात विजा जास्त कडाडतात. उन्हाने सुटलेले दगड कड्यावरून घरंगळतात. कड्याच्या अगदी पायथ्याशी किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका. वीज चमकू लागली तर उघड्या पठारावरून खाली उतरा.

जुलै-ऑगस्ट: सर्वात जोराचे महिने. लोंढे, दरडी, दाट धुके आणि सगळीकडे शेवाळ. या काळात धबधबा लांबूनच पाहावा. त्याच्या खाली जाऊन उभे राहण्याचा हा काळ नाही, कारण पाण्याबरोबर वरून दगडही येतात. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग लक्षात ठेवा: पिवळा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे घरातून हलू नका असेच समजा. 'अतिवृष्टी'च्या बातमीत २४ तासांत २०४ मिलीमीटरहून जास्त पाऊस म्हटला, तर तो सर्वात वरच्या प्रकारचा मुसळधार पाऊस असतो.

सप्टेंबर: सकाळी कडक ऊन, दुपारनंतर अचानक गडगडाट. म्हणून सकाळी लवकर जाऊन दुपारी दोनच्या आत पाण्यापासून दूर व्हा. धबधब्याचा जोर कमी झालेला असतो, पण खालचे डोह भरलेलेच असतात. वरून शांत दिसणाऱ्या डोहात कपारी असतात, पाणी आत ओढले जाते. वरून उडी मारणाऱ्याला खालचा खडक दिसत नाही आणि मान मोडते.

ऑक्टोबरनंतर: पाणी कमी, ऊन जास्त. आता त्रास उन्हाचा आणि तहानेचा. माणशी किमान दोन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटे घ्या. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर, दगडफेक यांनी माश्या चवताळतात.

धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या धबधब्यांचे गणित आणखी वेगळे. भंडारदरा धरणाखाली प्रवरेवरचा रंधा धबधबा, इसापूर धरणाच्या खाली पैनगंगेवरचे सहस्रकुंड, इथे पाऊस नसतानाही धरणातून पाणी सोडले की नदी चढते. भोंगा ऐकू आला किंवा गावातल्या माणसाने हटकले, तर लगेच वर या. गावकऱ्याशी वाद घालू नका. त्याने ती नदी शंभर वेळा पाहिलेली असते.

लेण्यांच्या वाटेवर

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचा काळ. भिक्खूंनी या तीन महिन्यांत फिरस्ती थांबवून एका जागी राहावे, उगवत्या पिकांना आणि लहान जिवांना पायदळी तुडवू नये, असा तो नियम. आपली लेणी या वर्षावासाशी जोडलेली आहेत आणि ती पाण्याच्या आश्रयाने कोरलेली आहेत. कान्हेरीला पावसाचे पाणी साठवायच्या पोढी आजही जागोजाग दिसतात. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकार वळणावर आहेत आणि त्या दरीच्या टोकाशी धबधबा पडतो. भाज्याच्या लेण्यांजवळही पावसाळ्यात धबधबे वाहतात.

म्हणून याच महिन्यांत आपली कुटुंबे आजी-आजोबांसह लेण्यांना जातात. तिथे पाण्यापेक्षा पायऱ्यांचा धोका मोठा. शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवर घसरून म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर ते माणूस महिनोन्‌महिने अंथरुणावर राहते आणि घरातल्या एकाची रोजी बुडते. आजीच्या पायात गुळगुळीत झालेली प्लॅस्टिकची चप्पल नको. तळाला खाचा असलेले, मागून बांधलेले पायताण हवे. उतरताना धाकट्याने पुढे राहावे, म्हणजे तोल गेला तर आधार मिळतो. लेणी पाहून झाल्यावर "जरा धबधब्यात जाऊन येतो" म्हणून पोरे वेगळी होतात, तिथे वरचे सगळे नियम लागू.

भिजणे आणि थंडी

पावसात भिजले, वारा लागला, अंगावरचे कपडे दोन-तीन तास ओलेच राहिले, तर आपल्या महाराष्ट्रातही शरीराची उष्णता धोकादायक इतकी कमी होऊ शकते. लहान मुले आणि म्हातारी माणसे लवकर गारठतात. आधी अंग थरथरते, ओठ निळसर पडतात. मग बोलणे अडखळते, चालताना झोक जातो, माणूस गप्प होतो, झोप येते म्हणतो. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर 'बरे वाटले' असे समजू नका. ते वाईट लक्षण आहे.

अशा वेळी आडोशाला न्या, ओले कपडे काढा, अंग कोरडे करून घोंगडी, चादर, जे कोरडे असेल ते गुंडाळा, डोके झाका. मूल असेल तर आईने छातीशी धरावे. शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्या. अंग जोरात चोळू नका, हातपाय शेकोटीत धरू नका. सुस्ती गेली नाही तर दवाखाना गाठा. याला उपाय स्वस्त आहे: प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यायचा. आपल्याकडे पुरुष पँट बदलतात आणि बायका ओल्या साडीतच घरापर्यंत येतात. त्यांच्यासाठी चार बायांनी चादर धरून आडोसा करावा. त्यात संकोच नको.

दारूने अंग गरम वाटते, प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते. शिवाय तोल आणि भान दोन्ही जातात. पंचशीलातले पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो. ओढ्याच्या काठावर ते पाळले तर जीव वाचतो.

ज्यांनी जास्त जपायचे

फिट येणाऱ्या माणसाने पाण्यात उतरूच नये, घोटाभर पाण्यातही नाही. मधुमेह असेल तर पायाला लागलेले कळत नाही, म्हणून अनवाणी चालू नये. वेळेवर खावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. दम्याच्या माणसाने पंप जवळच बाळगावा, टेम्पोत नको. हृदयविकार असलेल्यांनी चढ चढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, खूप धाप लागली, तर लाजेखातर चालत राहू नये. गरोदर बाईने घसरड्या वाटा टाळाव्यात.

कुणी वाहून जात असेल तर

इथे एकामागून एक माणसे जातात, कारण भावाला वाचवायला भाऊ उडी मारतो. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उतरू नये. आपल्या वस्तीतल्या बहुतेक मुलांना पोहायला शिकायची सोयच मिळत नाही, त्यात लाज काही नाही. पण ते मान्य करून वागले पाहिजे. काठावर आडवे पडून लांब काठी द्या, साड्या-ओढण्या गाठ मारून फेका, बांधून आणलेला दोर फेका. पाच लिटरचे रिकामे, झाकण घट्ट लावलेले कॅन फेकले तरी त्याला धरून माणूस तरंगतो. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ ला फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

माणूस बाहेर काढला आणि श्वास चालत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात, उलटे धरून फिरवण्यात वेळ घालवू नका. पाठीवर झोपवा. डोके जरा मागे करून हनुवटी उचला, नाक दाबा आणि तोंडाने दोन श्वास आत फुंका. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात आणि भरभर दाबा, सेकंदाला जवळजवळ दोनदा. तीस वेळा दाबणे, दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. लहान मुलाला एका हाताने दाबा. श्वास चालू झाला तर कुशीवर झोपवा. बुडता बुडता वाचलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

साप चावला तर चिरू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, भगताकडे नेऊ नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा. तिथे सर्पदंशाची लस मिळते.

घरी आल्यावरचा ताप

सहल झाली, फोटो वाटून झाले आणि आठवड्याने ताप आला. आपण तो थंडीचा समजतो. पण ओढ्याच्या, चिखलाच्या पाण्यात उंदीर आणि गुराढोरांचे मूत मिसळलेले असते. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या फार दुखतात. लवकर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो. अंगावर काढला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे बिघडतात. लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे ही पुढची लक्षणे आहेत. म्हणून पावसाळ्यात ताप आला की डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "आम्ही अमुक दिवशी ओढ्यात उतरलो होतो." हे एक वाक्य निदानाला फार उपयोगी पडते. औषध मात्र मनाने घेऊ नका. जाण्यापूर्वी पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका आणि आल्यावर पाय साबणाने धुवा.

निघण्याआधी

अनेक अपघातांचे मूळ आदल्या रात्रीच्या एका विचारात असते: "पैसे भरलेत, रविवार एकच, आता कसे थांबायचे?" रोजंदारीवरच्या माणसाचा हा विचार खोटा नाही. म्हणूनच तो आधी सोडवा. टेम्पो ठरवतानाच टेम्पोवाल्याशी बोलून ठेवा, की इशारा लाल किंवा नारिंगी असेल तर तारीख बदलू. कुठे जाता, कोण कोण आहेत, किती वाजता परत येणार, हे घरी एका माणसाला लिहून द्या, कारण दरीत मोबाइलला रेंज नसते. निघताना माणसे मोजा, परत टेम्पोत बसताना पुन्हा मोजा. खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात बंदी असते. बंदीचा फलक असेल तर मागच्या वाटेने जाऊ नका. ती वाट पोलिसांना चुकवते, पाण्याला चुकवत नाही.

पुढच्या रविवारी निघणार असाल, तर हा लेख शनिवारी रात्री घरात मोठ्याने वाचा. आणि धबधब्यापाशी पोहोचलात की पाण्यात पाय घालण्याआधी एकदा मान वर करा. वरचा डोंगर काय म्हणतो ते आधी बघा, मग खालच्या पाण्याचा आनंद घ्या.